लघवीच्या रिपोर्टवर दर वेळी नवा जंतू कसा काय?

आधी प्रश्न परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. वडील ७१ वर्षांचे, गाव देवगडच्या बाजूला. जूनमध्ये अंगणातल्या शेवाळावरून पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. लघवीची नळी ऑपरेशनच्या दिवशी घातली ती अजून आहे, आज २४ दिवस. पहिल्या आठवड्यात ताप आला तेव्हा रिपोर्टवर ई. कोलाय, इंजेक्शनं झाली, ताप गेला. दहा दिवसांनी परत थंडी वाजून ताप, या वेळी क्लेबसिएला, परत वेगळी महागडी इंजेक्शनं. आता घरी आलेत, ताप नाही, पेज-भात व्यवस्थित खातात, पण लघवी गढूळ दिसते आणि वास मारते म्हणून लॅबचा मुलगा घरी येऊन बॅगेतून सॅम्पल घेऊन गेला आणि रिपोर्ट आला स्यूडोमोनास, मिलिलिटरला एक लाख जंतूंच्या वर. तुम्ही विचारताय की हॉस्पिटलात घाण होती का, जंतू बदलतोय म्हणजे औषध चुकतंय का, आणि आता तिसरं अँटिबायोटिक सुरू करायचं का.

मी मायक्रोबायोलॉजीवाली, तळकोकणात २१ वर्षं लॅबमध्ये. पेशंट मी बघत नाही, पेशंटची लघवी बघते, त्यामुळे माझं बोलणं त्याच हिशोबाने घ्या. वडिलांची शुगर किती, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती, प्रोस्टेट वाढलंय का, ऑपरेशनची जखम कशी आहे यातलं काहीच मला माहीत नाही आणि औषधाचा निर्णय या सगळ्यावर ठरतो. पण तीन रिपोर्ट तीन जंतू ही गोष्ट मात्र मी रोज बघते, त्याबद्दल खात्रीने बोलू शकते. आणि खरं सांगू का, तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो तुम्ही विचारलाच नाहीत, की २४ दिवस झाले तरी नळी आत का आहे. त्याच्यावर येतेच.

पहिला जंतू ई. कोलाय. हा बाहेरून आलेला कोणी नाही, प्रत्येकाच्या आतड्यात असतो, तिथे काही त्रास देत नाही. घरी चालत्याफिरत्या माणसाला, म्हणजे मुख्यतः बायकांना, उन्हाळी लागतात त्यात दर चारातले तीन वेळा हाच सापडतो. त्याला बारीक केसांसारखे धागे असतात, त्याने तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला धरून बसतो. एरवी आपण लघवी करतो तेव्हा धार जोरात जाते आणि बरेच जंतू धुऊन निघतात, हा शरीराचा साधा पण जबरदस्त बंदोबस्त आहे. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटीमीटर म्हणून त्यांना त्रास जास्त, पुरुषांची वीसच्या आसपास म्हणून कमी. एकदा रिपोर्ट घ्यायला आलेल्या आजींनी मला विचारलं होतं, "गो बाय, हो किडो ह्येंका खंयसून लागलो?" (हा किडा यांना कुठून लागला?) मी म्हटलं, "ह्येंच्याच पोटातसून." त्यांना अजिबात पटलं नव्हतं.

आता नळी घातली की हा बंदोबस्त संपला. धार नाही, थेंब थेंब सतत गळतं, नळी आत टिकावी म्हणून टोकाशी फुगा फुगवलेला असतो त्याच्या खाली थोडी लघवी कायम साचून राहते, आणि वर रबराचा रस्ता तयार. जंतू दोन वाटांनी चढतात, एक नळीच्या बाहेरच्या अंगाने कातडीवरून वर सरकत, दुसरी नळीच्या आतून, म्हणजे बॅगेतून किंवा नळी आणि बॅग जिथे जोडली तो सांधा कुणी उघडला तर तिथून. चढले की नळीवर एक चिकट थर करून त्यात बसतात. विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ आठवा, हाताला बुळबुळीत लागतं, वरून पाणी ओतून जात नाही, तसंच. अँटिबायोटिक लघवीत उतरतं, लघवीतले सुटे जंतू मरतात, ताप जातो, पण त्या थरात बसलेले बरेचसे वाचतात. नळीवर रोज साधारण तीन ते सात टक्के पेशंटच्या लघवीत जंतू नव्याने यायला लागतात आणि महिना झाला की जवळपास सगळ्यांच्याच लघवीत काही ना काही उगवतंच. हॉस्पिटल कितीही चकचकीत असो. तुमचे २४ दिवस म्हणजे लघवी स्वच्छ आली असती तरच मी चकित झाले असते.

मग जंतू बदलला का? कारण पहिल्या इंजेक्शनांनी ई. कोलाय साफ केला आणि जागा रिकामी झाली. त्यात हॉस्पिटलात काही दिवस काढले आणि अँटिबायोटिकं पोटात गेली की माणसाच्या आतड्यातली आणि कातडीवरची वस्तीच बदलते, साधे जंतू जातात आणि औषधाला दाद न देणारे राहायला येतात. त्यामुळे दुसऱ्या वेळचा क्लेबसिएला हा बहुतेक वडिलांच्याच पोटातून आला असेल, पण त्यांच्या पोटात तो वॉर्डातून आला असण्याची शक्यता चांगली आहे. औषध चुकलं असं यावरून म्हणता येत नाही. पहिल्या औषधाने ज्याला मारायचं त्याला मारलं, मोकळ्या जागेवर दुसरा आला. नळी आहे तोवर हे पाहुणे बदलत राहणार.

घाणीचा मुद्दा. हॉस्पिटलात होणाऱ्या लघवीच्या इन्फेक्शनपैकी साधारण ७५ टक्के नळीशी जोडलेली असतात असं अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते, आणि तिकडच्या फरश्या आपल्यापेक्षा स्वच्छच असणार. फरशीचा संबंध कमी, हातांचा जास्त. एका पेशंटची बॅग रिकामी करून तसंच दुसऱ्याकडे गेलं, एकच मापाचं भांडं सगळ्या वॉर्डभर फिरवलं, की झालं. सिस्टरांना मी दोष देत नाहीये, रात्रीच्या ड्युटीला किती पेशंटमागे किती सिस्टर असतात हे तुम्ही तिथे असताना बघितलंच असेल. आणि निम्म्या वेळा बॅग नातेवाईकच रिकामी करतात हेही आहेच. तक्रार करायची तर "घाण होती" अशी करू नका, "नळी कशासाठी ठेवली आणि कधी काढणार हे फाईलमध्ये लिहिलेलं नाही" अशी करा, त्याला उत्तर द्यावं लागतं.

जंतूंची थोडी ओळख करून देते, कारण रिपोर्टवरची नावं वाचून लोक उगाच घाबरतात. क्लेबसिएलाच्या कॉलन्या, म्हणजे जंतू वाढून दिसणारे ठिपके, प्लेटवर फुगीर, ओल्या, चिकट, तार उचलली की ओढल्या जातात, अंगावर जाड वेष्टण असतं ना त्याला. प्रोटिअस हा माझा नावडता, नाव ग्रीक लोकांच्या रूप बदलणाऱ्या समुद्रदेवावरून ठेवलंय. ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या जेलीवर, तो एका जागी बसतच नाही, सगळ्या प्लेटभर पसरतो, आणि पसरताना वर्तुळं उठतात, ओहोटीनंतर वाळूवर राहतात ना लाटांच्या रेघा तशी. आणि वास असा की मासळी बाजार. तो लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी अल्कली होते, क्षार बसतात, खडे होतात आणि नळी आतून चुन्यासारखी भरते. ज्यांची नळी सारखी तुंबते त्यांच्यात मी आधी हा शोधते. तुमचा स्यूडोमोनास हा ओलाव्यात राहणारा, सिंक, बेसिनची जाळी, पुसायची बादली, प्लेटवर हिरवट रंग सोडतो आणि गोडसर, पिकल्या द्राक्षासारखा वास येतो, झाकण उघडायच्या आधी कळतं कोण आहे ते. उलट ॲसिनेटोबॅक्टर कोरड्यातही आठवडेच्या आठवडे टिकतो, कॉटची दांडी, मॉनिटरची बटणं, म्हणून तो आयसीयूवाल्यांच्या डोक्याला ताप. एन्टेरोकोकस आतड्यातलाच, पण सेफॅलोस्पोरिन गटातली इंजेक्शनं त्याला मुळातच लागू होत नाहीत, त्यामुळे ती इंजेक्शनं भरपूर झाली की हा डोकं वर काढतो. आणि लघवीत स्टॅफिलोकोकस ऑरियस आला तर मी रिपोर्ट छापायच्या आधी डॉक्टरांना फोन करते, कारण तो कधीकधी रक्तातून किडनीमार्गे उतरलेला असतो आणि मूळ दुखणं भलतीकडेच असतं. कँडिडा म्हणजे बुरशी, बॅक्टेरिया नाही, नळीवाल्यांमध्ये पुष्कळदा दिसते आणि बहुतेक वेळा नळी बदलली किंवा काढली की जाते.

आता तुमच्या तिसऱ्या रिपोर्टकडे, कारण मला त्यात खरी गडबड दिसतेय.

सॅम्पल बॅगेतून घेतलं. बॅगेतली लघवी कल्चरला, म्हणजे जंतू उगवून बघायला, पाठवायचीच नसते. ती तासन् तास दमट उकाड्यात लोंबकळत असते, ई. कोलायसारखा जंतू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, हिशोब तुम्हीच करा, दोनशेचे लाख व्हायला एक सकाळ पुरते. वर ते सॅम्पल तुमच्या गावातून लॅबपर्यंत कसं गेलं? मोटरसायकलच्या डिकीत? लघवी दोन तासांत लॅबला पोचली पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये चार डिग्रीला ठेवली पाहिजे, तशी २४ तास चालते. नळीवाल्या पेशंटचं सॅम्पल नळीला जो पोर्ट असतो तो स्पिरिटने पुसून सिरिंजने काढायचं, आणि नळी दोन आठवड्यांच्या वर जुनी असेल तर आधी नळी बदलायची आणि नव्या नळीतून पहिली लघवी घ्यायची. जुन्या नळीतून घेतलं तर त्या शेवाळात कोण राहतं ते कळतं, मूत्राशयात कोण आहे ते कळत नाही.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका म्हाताऱ्या पेशंटचं बॅगेतलं सॅम्पल आलं, तीन जंतू उगवले, मी मोठ्या हौसेने तिघांची नावं आणि तिघांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठल्या औषधाला कोण दबतो ते, असा दोन पानी रिपोर्ट दिला. डॉक्टरांनी तिघांना पुरतील अशी इंजेक्शनं लावली, पेशंटला ताप मुळात नव्हताच, पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले आणि ते आजोबा जुलाबांनीच खंगले. तेव्हापासून फॉर्मवर सॅम्पल कुठून घेतलं हे लिहिलेलं नसेल तर मी फोन करून विचारते, आणि तीन-तीन जंतू आले तर सरळ "मिश्र वाढ, सॅम्पल परत पाठवा" लिहिते. लोक चिडतात, पैसे परत मागतात. मागू देत.

तो "एक लाख" आकडा कुठून येतो तेही सांगते. आम्ही मिलिलिटरचा हजारावा भाग मावेल अशा तारेच्या कडीने लघवी प्लेटवर पसरवतो, दुसऱ्या दिवशी कॉलन्या मोजतो, एक कॉलनी म्हणजे मिलिलिटरला हजार जंतू, शंभर कॉलन्या म्हणजे लाख. लाखाच्या वर म्हणजे खरं इन्फेक्शन हा नियम १९५० च्या दशकात बॉस्टनच्या एडवर्ड कास यांच्या कामातून आला, आणि तो अशी कायम नळी नसलेल्या माणसांसाठीचा. नळीवाल्याला तो तसाच्या तसा लावता येत नाही. लक्षणं असतील तर नळीतल्या लघवीत हजारसुद्धा पुरेसे धरतात, आणि लक्षणं नसतील तर लाख काय, दहा लाख असले तरी त्याचा अर्थ एवढाच की नळीवर वस्ती झालीये. पस सेल्सचंही, म्हणजे लघवीतल्या पू-पेशींचंही, तसंच, नळी घासूनच पस सेल्स वाढतात, त्या भरपूर दिसल्या म्हणून इन्फेक्शन म्हणता येत नाही. उलट ताप आहे आणि पस सेल्स अजिबात नाहीत तर मात्र ताप दुसरीकडून आलाय असं समजून शोधायला लागायचं.

म्हणून तिसऱ्या अँटिबायोटिकबद्दल. ताप नाही, थंडी नाही, जेवण नीट, भान नीट, ओटीपोटात किंवा कमरेच्या बाजूला दुखत नाही, तर नुसत्या गढूळ लघवीवर आणि बॅगेतल्या रिपोर्टवर औषध द्यायचं नसतं. गरोदर बाई असेल किंवा मूत्रमार्गाचंच ऑपरेशन करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तुमच्याकडे दोन्ही नाही. गढूळपणा आणि वास पाणी कमी प्यायल्यानेही येतो. खुब्यात बसवलेल्या सांध्याला जंतू जाईल ही भीती तुमच्या डॉक्टरांच्या मनात असू शकते, भीती समजण्यासारखी आहे पण लक्षणं नसताना त्यासाठी लघवीतले जंतू मारत बसा असं सध्याच्या मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. तरी जखमेतून पाणी येत असेल, लाली असेल, तर हाडाच्या डॉक्टरांना आजच दाखवा, तिथे माझं हे सगळं बोलणं बाजूला ठेवा.

औषध घेऊन काय बिघडेल, असं घरातले म्हणत असतील. बिघडतं ते असं, स्यूडोमोनासला तोंडाने घ्यायच्या गोळ्या म्हणजे सिप्रो-लेव्होच्या (सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन) गटातल्याच, त्या चालत नसतील तर परत इंजेक्शनं. नायट्रोफ्युरँटोइन त्याला लागूच होत नाही, प्रोटिअसलाही नाही, त्यामुळे मेडिकलवाल्याने "लघवीची गोळी" म्हणून दिली तर घेऊ नका. आणि तिसऱ्या कोर्सने स्यूडोमोनास गेला तर चौथा जो येईल तो बहुतेक याहून चिवट असेल. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका मूळच्या भारतीय गृहस्थाच्या लघवीत क्लेबसिएला सापडला होता, ते आधी नवी दिल्लीत ॲडमिट होते, आणि त्या जंतूवर सगळ्यात शेवटची राखीव समजली जाणारी कार्बापेनेम इंजेक्शनंही चालेनात. त्यातून ती औषधं निकामी करणाऱ्या जीनचं एनडीएम-१ हे नाव जगभर झालं, नावात न्यू डेल्ही का घातलं म्हणून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. माझ्या डोक्यात त्या वादापेक्षा एवढंच राहिलं की तो जंतू सापडला लघवीच्या सॅम्पलमध्ये. शिवाय ती ताकद देणारा जीन एका जंतूतून दुसऱ्या जातीच्या जंतूत जातो, क्लेबसिएलाकडून ई. कोलायकडे. तुमच्या दुसऱ्या रिपोर्टवर "ईएसबीएल पॉझिटिव्ह" असं काही लिहिलंय का बघा. म्हणजे नेहमीची सेफ्ट्रिॲक्झोनसारखी इंजेक्शनं त्याच्यावर निकामी. पुढे कधी ॲडमिट व्हायची वेळ आली तर तो कागद आधी दाखवायचा, सगळे जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा, हरवू नका.

ताप परत आला तर? तर थांबायचं नाही. थंडी वाजून ताप, अचानक बरळायला लागणं किंवा झोपून राहणं, कमरेच्या एका बाजूला दुखणं, बॅग तीन-चार तास कोरडी आणि ओटीपोट फुगलेलं, लघवीत रक्त, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, रात्र असली तरी. तिथे गेल्यावर औषध सुरू करायच्या आधी नळी बदलून नवं सॅम्पल घ्यायला सांगा. रिपोर्टला दोन ते तीन दिवस लागणार, पहिल्या दिवशी जंतू उगवतो, दुसऱ्या दिवशी औषधांच्या चकत्या लावून कुणाला दबतो ते बघायचं, याला शॉर्टकट नाही, तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात आणि ते बरोबरच असतं. आणि पावसाळ्यातला प्रत्येक ताप लघवीचाच धरू नका. भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) पेशंट येतात, त्यांच्याही लघवीत पस सेल्स दिसतात, लेप्टो नेहमीच्या कल्चर प्लेटवर उगवत नाही, आणि "युरिन इन्फेक्शन" म्हणून दोन मोलाचे दिवस जातात. वडील अंथरुणावर आहेत, मळ्यात उतरलेले नाहीत, पण उंदीर घरातही असतात.

आता तो न विचारलेला प्रश्न. खुब्याच्या ऑपरेशननंतर नळी शक्यतो एक-दोन दिवसांत काढतात. काही वेळा ठेवावी लागते, प्रोस्टेटमुळे लघवी तुंबते, काढली की होतच नाही, मग परत घालावी लागते. पण पुष्कळदा ती फक्त राहून जाते. उठवायला माणूस नाही, चादर ओली होते, घरी कोण करणार, आणि मग डिस्चार्जच्या कागदावर नळीचा उल्लेखही नसतो. तुम्ही सर्जन किंवा युरोलॉजिस्टला सरळ विचारा, "नळी आज काढून बघूया का?" सकाळी काढायची म्हणजे दिवसभरात लघवी होते का ते बघता येतं आणि नाही झाली तर रात्री धावपळ नको. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर आधी काही दिवस गोळी देऊन मग काढतात. नुसती ओल हाच प्रश्न असेल तर बाहेरून लावायची कंडोमसारखी पिशवी मिळते, युरिनलचं भांडं आहे, डायपर आहे. लघवी तुंबतच असेल तर दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून लगेच काढायची पद्धत असते, घरातल्या माणसाला शिकवतात.

काढेपर्यंत बॅग कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. आपल्याकडे घात होतो तो रिक्षात, पेशंट आडवा, बॅग त्याच्या पोटावर नाहीतर कुणाच्या मांडीवर, आणि घाटीतून खड्डे खात तासभर, सगळी लघवी उलटी आत. निघायच्या आधी बॅग रिकामी करा आणि सीटच्या खाली लटकवा. रिकामी करायला फक्त त्यांचं वेगळं भांडं, आधी आणि नंतर साबणाने हात. नळी आणि बॅगेचा सांधा उघडायचा नाही. नळी मांडीला चिकटपट्टीने धरून ठेवा म्हणजे ओढ बसत नाही. रोज साधा साबण आणि पाणी पुरे, डेटॉल वगैरे नको, कातडी सोलते. पाणी, कोकम सरबत, धन्याजिऱ्याचं पाणी चालेल, पण हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांना विचारून, आणि शहाळं तर नक्कीच विचारून, पोटॅशियम असतं त्यात. किडनीवाल्याला "थंड असतं" म्हणून रोज दोन शहाळी पाजणारे मी पाहिलेत.

शेवटचा एक प्रश्न राहतो, की सगळं संपल्यावर "जंतू गेला का" बघायला परत कल्चर करायचं का. त्रास नसेल तर नको. माझं बिल बुडेल, पण नको. आणि सॅम्पल न्यायला तो मुलगा परत आला तर त्याला बॅगेला हात लावू देऊ नका.